आयत्या वेळचा अल्बम

अध्यक्षांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. तरुणपणी एक अल्बम काढला आणि उतारवयात सोसायटीचं अध्यक्षपद सांभाळलं. अल्बम कुणी ऐकला नाही आणि अध्यक्षपद सांभाळा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण दर वर्षी वार्षिक सभेत तळमजल्यावरचे वकील उठायचे, ‘विद्यमान अध्यक्षच पुढे चालू राहावेत’ असं पुटपुटायचे आणि लोक चहाकडे वळायचे. असं करता करता इमारतीत त्यांचं नावच लोक विसरून गेले. दूधवाला त्यांना अध्यक्ष म्हणायचा, इस्त्रीवाला अध्यक्ष म्हणायचा, आणि बायकोसुद्धा ‘अध्यक्ष, कचरा खाली न्यायचा राहिलाय’ असंच म्हणायची.

अल्बमचं नाव होतं ‘उतरा खाली’. पदार्पणाचा अल्बम, आणि निरोपाचाही तोच. हार्ड रॉक. त्या काळात आपल्या भाषेत हार्ड रॉक करणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेण्यासारखं होतं, आणि भिंतीपलीकडचे लोक तक्रार करायचे ते वेगळंच. अध्यक्ष गात, त्यांचा मित्र ड्रम वाजवी आणि गिटार वाजवणारा पुढे परदेशी जाऊन कायमचा शांत झाला. सराव चाले तो ड्रमवाल्याच्या घरामागच्या शेडमध्ये. तिथं आवाजाची तक्रार घेऊन ड्रमवाल्याची बहीण आली, भांडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला आली, आणि अध्यक्षांचं तिच्याशी लग्न झालं. तेव्हापासून ड्रमवाला हा मेहुणा आहे. तो आता गाद्यांचं दुकान चालवतो.

गाणी सगळी राजकीय. साहेबांवर, पुढाऱ्यांवर, एकदा खुर्चीत बसला की न उठणाऱ्या तमाम मंडळींवर. ‘रांग’ नावाचं एक होतं, ‘सहीशिवाय’ नावाचं एक होतं, आणि ‘उद्या या’ हे तर इतकं लांब होतं की ते ऐकतानाही उद्या उजाडेल असं वाटे. सत्ता हादरवायची या इराद्यानं पोरांनी कर्ज काढून कॅसेटी केल्या. सत्तेला पत्ताच लागला नाही.

तर परवा त्यांच्या लेकीनं सासरहून फोनवर काहीतरी पाठवलं. कुणा संगीतवेड्यानं विसरलेल्या अल्बमांवर लेख लिहिला होता आणि त्याच्या तळाशी दोन ओळी होत्या: ‘उतरा खाली’ हे धारदार राजकीय गाण्यांचं, हार्ड रॉकमधलं अन्यायानं दुर्लक्षित राहिलेलं पदार्पण. अध्यक्षांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मग बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“दुर्लक्षित म्हणजे कुणी ऐकला नाही,” बायको पालेभाजी निवडत म्हणाली. “ते आपल्याला माहीतच होतं की.”

“अन्यायानं,” अध्यक्ष म्हणाले. “अन्यायानं हा शब्द महत्त्वाचा आहे.”

त्या क्षणी त्यांच्या मनानं घेतलं. काही नको, मानसन्मान नको, हारतुरे नकोत. माणसांनी भरलेल्या खोलीत हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाजावा आणि लोकांनी तो ऐकावा, एवढंच. सोसायटीचा हॉल होता, लोक होते, आणि आपण अध्यक्ष होतो. यात अडचण ती काय येणार, असं त्यांना वाटलं. माणसाला असं वाटतं तिथंच खरी मेख असते.

पहिली अडचण ही की अल्बम कुठं आहे. त्या काळी बऱ्याच कॅसेटी नातेवाईकांनी घेतल्या होत्या, प्रेमानं घेतल्या होत्या, आणि रिकामी कॅसेट महाग म्हणून प्रेमानंच त्यांवर दुसरं काही भरून घेतलं होतं. एका काकांच्या कॅसेटवर नातवाचं रडणं होतं. एका आत्याकडे पाढे होते. स्वतः अध्यक्षांची शेवटची प्रत घर बदलताना हरवली, आणि ती मुद्दाम हरवली नाही असं त्यांची बायको आजही शपथेवर सांगते. अखेर मेहुण्याच्या गोदामात एका जुन्या गादीच्या पोटात एक कॅसेट निघाली. ती तिथं कशी गेली हे विचारण्यात अर्थ नव्हता. मेहुणा म्हणाला, दाजी, गादीत होती म्हणून टिकली.

रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ती साफ केली, वाजवून पाहिली आणि मान हलवली. गाणी शाबूत होती, फक्त शेवटचं, म्हणजे खुद्द ‘उतरा खाली’ हे गाणं, ऐन भरात आल्यावर तुटत होतं आणि तिथून पुढे मेहुण्याची मावशी स्वेटरची वीण सांगत होती. दोन सुलट, दोन उलट, मग एक घर सोडायचं. मावशीचा आवाजही खणखणीत होता. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, हे गाण्यातलंच आहे का? मला वाटलं काही प्रतीकात्मक असेल.

त्या तुटलेल्या जागी एक शेवटचं कडवं होतं. अध्यक्षांना ते आठवेना. मेहुण्याला आठवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला तेव्हाही शब्द ऐकू येत नसत. अध्यक्ष आंघोळ करताना गुणगुणून बघत, जिना चढताना बघत, पण त्या जागेवर आलं की त्यांच्या तोंडून वीणच यायची. शेवटी त्यांनी ठरवलं, जेवढं आहे तेवढं वाजवू.

आता दुसरी अडचण, आणि ती खरी. हॉल. हॉलच्या वापराची नियमावली होती आणि ती सगळी अध्यक्षांनी स्वतः, रात्रंदिवस खपून, लिहिली होती. पहिल्या मजल्यावरच्या कॉलेजकुमारांनी एकदा वाढदिवसाला गाणी लावली तेव्हापासून तिला जास्तच धार चढली होती. वापराआधी अर्ज. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडांचं ना-हरकत पत्र. अनामत रक्कम. आवाज मोजायला एक यंत्र आणलं होतं. त्याचा काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर गेला की कार्यक्रम बंद. हे सगळं अध्यक्षांच्या मंजुरीनं.

अध्यक्षांनी अर्ज लिहिला. ‘मा. अध्यक्ष यांस’ असं वर घातलं, खाली सही केली, मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, अर्ज वाचला, समाधानानं मान डोलावली आणि मंजुरीचा शिक्का उचलला.

“थांबा,” चिटणीसबाई म्हणाल्या. सोसायटीच्या चिटणीस दिवसा बँकेत हिशेब तपासायच्या आणि संध्याकाळी इथं येऊन तेच करायच्या. “ज्याचा संबंध आहे त्यानं स्वतःच्या बाबतीत निर्णय घ्यायचा नाही, असा नियम आहे.”

“कुणी केला हा नियम?”

चिटणीसबाईंनी नियमावली उघडून त्या नियमाखालच्या सहीवर बोट ठेवलं. सही अध्यक्षांचीच होती.

अर्ज समितीपुढे गेला. समितीनं अध्यक्षांच्याच नियमाप्रमाणे विचारलं, कार्यक्रमात आक्षेपार्ह मजकूर आहे का? गाण्यांचे शब्द लेखी द्यावेत. अध्यक्ष घरी आले ते दुखावून. एका कलावंतानं आपले शब्द तपासायला द्यायचे? याच असल्या मनोवृत्तीविरुद्ध तर तो अल्बम होता. पण इलाज नव्हता. त्यांनी कॅसेट ऐकून ऐकून सगळी गाणी सुवाच्य अक्षरात उतरवली, शेवटच्या गाण्याखाली ‘पुढचं कडवं आठवत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि कागद दिले. समितीसाठी झेरॉक्स निघाल्या. झेरॉक्सचं एक असतं, ती निघाली की थांबत नाही. दोन दिवसांत ते कागद इमारतीच्या प्रत्येक दाराखालून आत गेले.

वरच्या मजल्यावर निवृत्त मास्तरीणबाई राहत. त्यांनी जन्मभर गणित शिकवलं आणि आता गुडघ्यांनी त्यांना जिन्याचं गणित शिकवलं होतं. लिफ्ट बंद होती. का बंद होती, तर तीन कोटेशनं आल्याशिवाय कुठलंही काम द्यायचं नाही असा अध्यक्षांचा शिरस्ता. दोन आली होती. तिसरा लिफ्टवाला यायचा, यंत्र बघायला गच्चीवर जायचं म्हटलं की जिन्याकडे बघायचा आणि निघून जायचा. मास्तरीणबाई कधीपासून खाली उतरल्या नव्हत्या. भाजी आणि वर्तमानपत्र दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जायचं. त्या पिशवीतूनच ‘उतरा खाली’चे शब्दही वर गेले. दुसऱ्या दिवशी कागद खाली आला तो लाल शाईच्या खुणांसकट. एकदोन ठिकाणी ‘यमक सैल’ असं लिहिलं होतं, आणि आठवत नसलेल्या कडव्यापाशी ‘उत्तर अपूर्ण’.

आणि मग अध्यक्षांच्या आयुष्यात तो काळ आला ज्याची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती. लोक त्यांची गाणी वाचू लागले. नळातून गाळ येतो म्हणून महिनोन्महिने खेटे घालणारे दुसऱ्या मजल्यावरचे औषधवाले जिन्यात त्यांना अडवून म्हणाले, अध्यक्ष, ‘उद्या या’ वाचलं, अगदी आमच्या मनातलं लिहिलंत. त्यांनी ते म्हणूनही दाखवलं:

साहेब म्हणतो उद्या या,
उद्या म्हणतो परवा या,
परवा साहेब रजेवर,
धूळ बसली अर्जावर.

अध्यक्षांना भरून आलं. त्यांनी औषधवाल्यांचा हात हातात घेतला आणि नळाचं बघतो म्हणाले. कधी, असं औषधवाल्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, उद्या या की. औषधवाले त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत राहिले. अध्यक्षांना वाटलं, भारावलाय बिचारा.

पहिल्या मजल्यावरचे कॉलेजकुमार जिन्यात ‘उतरा खाली’ म्हणत टाळ्या वाजवत. सायकल कुठं लावायची यावरून ज्या बाईंचा अध्यक्षांशी तीन वर्षं पत्रव्यवहार चालला होता त्या म्हणाल्या, तुमच्यात इतकी आग असेल असं वाटलं नव्हतं. अध्यक्ष घरी येऊन हे सगळं सांगत, आणि बायको त्यांच्याकडे बघत, काहीतरी बोलायला तोंड उघडे आणि मग भाजीला फोडणी देई. बायकोला कळलं होतं. सगळ्या इमारतीला कळलं होतं. ज्याचं त्याला कळत नाही, ही जगाची रीतच आहे.

ना-हरकत पत्रांवर सगळ्यांनी आनंदानं सह्या केल्या, पण अनामत रकमेच्या पावतीचं पुस्तक संपलं होतं आणि नव्या पुस्तकासाठी तीन कोटेशनं हवी होती. तेव्हा चिटणीसबाईंनीच तोड काढली. वार्षिक सभा तोंडावर आली होती. सभेला हॉल आपोआप मिळतो. कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ असतातच, त्यात अल्बम वाजवावा. अध्यक्ष खूश झाले, पण लगेच त्यांच्या लक्षात आलं की अध्यक्षांची निवड झाली की लोक चहा पिऊन पांगतात. त्यांनी आग्रह धरला, आयत्या वेळचे विषय आधी, निवडणूक नंतर.

“नक्की?” चिटणीसबाईंनी विचारलं. “विचार करून सांगा.”

“नक्की,” अध्यक्ष म्हणाले. “निवडीचं काय, ती होतेच.”

सभेच्या दिवशी हॉल भरला. एरवी कोरम पुरा करायला रखवालदाराला दारोदार पाठवावं लागे. आज लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते. मेहुणा दुकान बंद करून स्पीकर घेऊन आला होता आणि ड्रम नसल्यामुळे सगळ्या टेबलांवर बोटं वाजवत फिरत होता. आणि सभा सुरू होता होता दारात मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. एकेका मजल्यावर स्टूल टाकून, बसत उठत, चिटणीसबाईंच्या खांद्याला धरून त्या खाली आल्या होत्या. लोक उठून उभे राहिले. अध्यक्ष लगबगीनं पुढे गेले, एवढा त्रास का घेतलात म्हणाले.

“शेवट काय आहे ते ऐकायचंय,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

अल्बम सुरू झाला. यंत्र टेबलावर ठेवलं होतं आणि काटा हिरव्या पट्ट्यात राहील एवढाच आवाज मेहुण्यानं ठेवला होता. त्यामुळे ‘रांग’ हे गाणं, जे ऐकून म्हणे एके काळी शेडचा पत्रा हलत असे, ते कुणीतरी कानात गुपित सांगावं तसं वाजलं. ‘सहीशिवाय’ मागच्या रांगांना ऐकूच आलं नाही. लोक हसत म्हणू लागले, मोठं करा. अध्यक्षांनी यंत्राकडे पाहिलं. नियमाकडे पाहिलं, म्हणजे भिंतीवर तो चौकटीत लावलेलाच होता. मग ते उठले, यंत्रावर स्वतःचा रुमाल टाकला आणि मेहुण्याला म्हणाले, “वाढव.”

मेहुण्यानं वाढवला. खिडक्यांची तावदानं थरथरली. त्या आवाजात अध्यक्षांचा कोवळा, रागीट, चिरकलेला आवाज हॉलभर घुमला आणि माणसं हसायची थांबली. खरं सांगायचं तर ती गाणी चांगली होती. ओबडधोबड होती, यमकंही मास्तरीणबाई म्हणाल्या तशी सैल होती, पण ज्याला काहीतरी खुपलंय अशा माणसानं ती केली होती हे कुणालाही कळलं असतं. अध्यक्ष डोळे मिटून बसले होते. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की कुणी उठून गेलेलं नाही.

शेवटचं गाणं लागलं. लोकांनी झेरॉक्स काढून हातात धरल्या. गाणं भरात आलं, ड्रम चढत गेले, आणि मावशी खणखणीतपणे म्हणाली, दोन सुलट, दोन उलट. मेहुण्यानं घाईनं बटण दाबलं. हॉल शांत झाला. आता लोक हसतील म्हणून अध्यक्षांनी अंग चोरलं. पण औषधवाल्यांनी टाळीवर ठेका धरला, कॉलेजकुमारांनी तो उचलला, आणि सगळा हॉल उभा राहून गाऊ लागला:

उतरा खाली, उतरा खाली,
बसून बसून गादी झिजली,
तुम्ही डुलक्या काढत होता,
खालची माणसं जागी झाली.

सगळे त्यांच्याकडेच बघत होते. सायकलवाल्या बाई तर बोट दाखवून गात होत्या. ठेका मात्र चुकत होता. दुसऱ्या ओळीवर लोक घाई करत होते. अध्यक्षांना ते सहन होईना. ते खुर्चीवरून उठले, हात वर करून ताल देऊ लागले, घाई नको, घाई नको म्हणू लागले. दुसऱ्यांदा लोक बरोबर आले. तिसऱ्यांदा तर असे आले की अध्यक्षांच्या अंगावर काटा उभा राहिला. ध्रुवपद संपलं, लोक दम खायला थांबले, आणि त्या रिकाम्या जागेत अध्यक्षांच्या तोंडून ते कडवं आपोआप बाहेर पडलं, न आठवता, शेडमधल्या त्या पोरानं गायलं होतं तसंच:

उद्या मीच बसलो वर,
डोक्यात गेली हवा जर,
माझंच गाणं म्हणा मोठ्यानं,
मलाही म्हणा, उतरा खाली.

गाऊन झालं आणि मग त्यांनी ते ऐकलं. त्यांचा वर केलेला हात तसाच राहिला. त्यांनी एकदा औषधवाल्यांकडे पाहिलं, सायकलवाल्या बाईंकडे पाहिलं, मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. इमारतीला जे कळलं होतं ते आता एकेक करून त्यांनाही कळू लागलं. त्यांचा चेहरा लाल झाला, कान लाल झाले.

“उत्तर बरोबर आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “ज्या मुलानं हे लिहिलं त्याला मी पूर्ण मार्क दिले असते. आता पुढचं तुम्ही बघा.”

पुढचं म्हणजे अध्यक्षांची निवड. चिटणीसबाईंनी विषय वाचला आणि कुणी नाव सुचवतंय का विचारलं. वकील सवयीनं अर्धवट उठले आणि आजूबाजूला बघून पुन्हा बसले. कुणीच काही बोलेना. आत्ता ज्यांनी तावदानं हलवली होती ती सगळी माणसं आपापल्या पायांकडे बघू लागली. भीड वाईट. गाण्यातून तोंडावर सांगता येतं ते ठरावातून सांगता येत नाही, शिवाय उद्या जिन्यात भेट व्हायची असते.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, मीच ठराव मांडतो, मी उतरावं.

“तुम्हाला मांडता येत नाही,” चिटणीसबाई हळूच म्हणाल्या. “तुमचा संबंध आहे.”

“मग तुमच्यापैकी कुणीतरी मांडा हो,” अध्यक्ष काकुळतीला आले. “एवढं गायलात ते काय नुसतं तोंडानं?”

तरी कुणी उठेना. आणि तेव्हा मागच्या रांगेतून बायको उभी राहिली. इतका वेळ ती पर्स मांडीवर घेऊन सगळा अल्बम ऐकत बसली होती.

“मी मांडते,” ती म्हणाली. “अहो, उतरा आता खाली. पुष्कळ केलंत. चिटणीसबाईंना बसू द्या, त्या लिफ्ट करतील.”

हात वर झाले. आधी मास्तरीणबाईंचा, मग कॉलेजकुमारांचे, मग सगळ्यांचे. वकिलांनी तर चुकून दोन्ही वर केले. अध्यक्षांनीही केला. तुमचं मत धरता येणार नाही, असं चिटणीसबाई म्हणाल्या, पण हात खाली घ्या असं काही म्हणाल्या नाहीत.

सभा संपली तेव्हा मेहुणा स्पीकरच्या वायरी गुंडाळत होता. दाजी भिंतीला टेकून उभे राहिलेले त्याला दिसले. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ थरथरत होते. मेहुणा वायरी टाकून धावला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, दाजी, मनाला लावून घेऊ नका, लोक असेच असतात, गरज सरली की संपलं.

“लावून काय घ्यायचंय?” ते म्हणाले. त्यांनी मेहुण्याचा तो हात घट्ट धरला. “अरे, पडला. आपल्या गाण्यानं अध्यक्ष पाडला.”